'असावं'चा रकाना

२३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये येऊन बसली, ते नागपूरकर इतक्यात काही विसरत नाहीत. पाणी ओसरलं, गाद्या गच्चीवर वाळत पडल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या ग्रुपवर एक नकाशा येऊन पडला. इंग्रजांच्या काळातला नकाशा, त्याच्यावर आजचं सॅटेलाइटचं चित्र अर्धवट पारदर्शक करून ठेवलेलं, नदीचं जुनं पात्र जाड लाल रेघेनं काढलेलं आणि खाली कॅप्शन की बघा कोणाकोणाची घरं नदीत आहेत. झालं. दहा मिनिटांत लेआउटची नावं घेऊन शिव्या सुरू, बिल्डर चोर, घेणारे मूर्ख, सगळ्यांवर बुलडोझर फिरवा. त्या लाल रेघेवर माझ्या एका मित्राचं घर होतं, त्याचा लगेच फोन, "काय बे, खरंच नदीत हाय का माझं घर? बाबांनी तर रजिस्ट्री करून घेतलं होतं."

मी इतिहास शिकवतो आणि जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचा मला नाद आहे म्हणून त्यानं मला विचारलं. चित्र मोठं करून बघितलं तर एकटी नदी कुठली, रेल्वेलाइन पण सरकलेली होती. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये, नदी पात्र बदलते हे मान्य, पण रेल्वेचा पूल काही रात्रीतून उठून चालत जात नाही ना. सगळा नकाशाच एका बाजूला शे-दीडशे मीटर सरकून बसला होता.

हे का होतं ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे. आपले जुने सर्व्हेचे नकाशे जे आहेत ते एव्हरेस्टच्या पृथ्वीवर बसवलेले आहेत. एव्हरेस्ट म्हणजे शिखर नाही, ज्याच्या नावानं शिखर आहे तो जॉर्ज एव्हरेस्ट. पृथ्वी किती गोल आणि किती चपटी ह्याचा त्यानं १८३० मध्ये एक हिशोब मांडला आणि भारतातली मोजणी पुढे त्याच हिशोबावर चालली. आपल्या मोबाइलचं जीपीएस दुसऱ्या पृथ्वीवर चालतं, तिचं नाव डब्ल्यूजीएस ८४. दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर, पण एकाचे अक्षांश-रेखांश उचलून तसेच दुसऱ्यावर ठेवले की नागपुरात तेवढा फरक पडतो. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, कोणीही उतरवून घेऊ शकतं, ते बिचारं नकाशा चढवताना विचारतं की ही कोणती पृथ्वी. आणि आपण सगळे काय करतो, ओके मारतो.

शे-दीडशे मीटर म्हणजे आमच्याकडच्या लेआउटमध्ये घरांच्या पाच-सहा ओळी. एवढ्यावर कोण अतिक्रमणवाला आणि कोण नाही हे ठरून गेलं होतं, आणि ठरवणारा पोरगा काही वाईट नव्हता, त्यानं मेहनत केली होती, शहराच्या कळवळ्यानं केली होती.

बरं, नकाशा नीट बसवून दिल्यावर तरी मित्राला उत्तर मिळालं का? नाही मिळालं. तो नकाशा एका मैलाला एक इंच ह्या मापाचा होता. त्या मापात कागदावरची अर्ध्या मिलीमीटरची शाईची रेघ म्हणजे जमिनीवर बत्तीसेक मीटर. म्हणजे नुसती रेघच तीस मीटर रुंद, आणि मित्राचा प्लॉट त्या रेघेच्या पोटात. आत आहे की बाहेर हे त्या कागदाला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी त्याला तेच सांगितलं तर तो वैतागला, "म्हणजे एवढं करून तू काहीच सांगत नाहीस." मी म्हटलं सांगतोय ना, ह्या नकाशावरून सांगता येत नाही हे सांगतोय. त्याला ते उत्तर वाटलं नाही. आणि मला वाटतं आपलं सगळ्यांचं इथंच बिनसतं.

माझं म्हणणं असं आहे. भूतकाळाचा नकाशा करायची साधनं आता कोणाच्याही हातात आहेत आणि हे चांगलंच झालं, पण त्या नकाशात 'असावं' ह्या शब्दाला जागा ठेवल्याशिवाय तो लोकांसमोर मांडायचा नाही, मग तो कॉलेजच्या पोरानं केलेला असो, विद्यापीठानं असो की महानगरपालिकेच्या पैशानं एखाद्या एजन्सीनं केलेला चकचकीत डॅशबोर्ड असो. प्रत्येक ठिपक्याशेजारी, प्रत्येक रेघेशेजारी चार गोष्टी हव्यात, की हे कोण म्हणतं, कशावरून म्हणतं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि खात्री किती. हा रकाना रिकामा असेल तर त्या नकाशाला इतिहास म्हणू नये, ते नुसतं डेकोरेशन झालं.

आता कोणी म्हणेल हे फारच पुस्तकी झालं. तर आपल्या नागपूरच्याच एका माणसाचं काम बघा. वासुदेव विष्णू मिराशी. वाकाटक ह्या विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याचे ताम्रपट वाचण्यात त्यांची हयात गेली, १९६३ मध्ये त्यांचा वाकाटक लेखांचा जाडजूड खंड आला. त्यात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट आहे, पाचव्या शतकाच्या आसपासचा, नंदिवर्धनहून दिलेला, नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं आपलं नगरधन. राणीनं दंगुण नावाचं गाव दान दिलंय आणि ते नेमकं कुठलं हे कळावं म्हणून आजूबाजूच्या चार गावांची नावं दिशांसकट सांगितलीत, जशी आपण आजही प्लॉटची चतु:सीमा लिहितो. मिराशींनी काय केलं, ती नावं आणि आजच्या गावांची नावं समोरासमोर ठेवली, कोणता आवाज झिजून काय होऊ शकतो ते तपासलं, दिशा-अंतरं जुळवली, आणि म्हटलं की दंगुण हे आजचं हिंगणघाट असावं, त्यातलं विलवणक हे जवळचं वणी असावं. असावं. कॉम्प्युटर नव्हता, समोर नकाशा, मापपट्टी आणि डोक्यात संस्कृत-प्राकृत, एवढ्यावर त्यांनी भूतकाळाचं मॅपिंग केलं आणि किती खात्री आहे ते त्या एका क्रियापदात लिहून ठेवलं.

आता हेच सॉफ्टवेअरला द्या. मजकुरातली गावांची नावं शोधून आपोआप नकाशावर टाकणारी साधनं आहेत, रेकोजिटो आहे, अजून आहेत, चांगली आहेत, मी वापरतो. त्यात वणी टाकलं की ते कुठं जाईल सांगा. यवतमाळ जिल्ह्यातली वणी मोठी, तिथं जाईल. नाहीतर थेट नाशिककडची सप्तशृंगीजवळची वणी. हिंगणघाटजवळची छोटी वणी त्याच्या ध्यानातही येणार नाही, कारण मशीन मोठ्या गावाला आधी सलाम करतं, आपल्यासारखंच आहे ते. मग पुढची गंमत. हा ताम्रपट विद्वानांना मिळाला पुण्यात, म्हणून त्याचं नावच पुणे ताम्रपट. एखाद्या घाईतल्या डेटाबेसमध्ये 'ठिकाण' असा एकच रकाना असेल तर भरणारा तिथं पुणे लिहिणार आणि वाकाटक राणीचा ठिपका मुळा-मुठेच्या काठावर उमटणार. ताम्रपट सापडला एकीकडे, दिला गेला दुसरीकडून, गाव तिसरीकडे. तीन ठिकाणं आहेत, रकाना एक आहे, आणि सॉफ्टवेअर गप्प.

खरं म्हणजे सॉफ्टवेअरला तरी नुसती नावं का ठेवायची. ज्यांनी हे काम मनापासून केलं त्यांनी सोय करून ठेवलीच आहे. प्राचीन जगातल्या ठिकाणांची प्लायडीज नावाची यादी आहे, तिच्यात जोडणी पक्की आहे, कमी पक्की आहे की अनिश्चित आहे हे लिहायला जागा आहे. वर्ल्ड हिस्टॉरिकल गॅझेटिअर आहे, पिट्सबर्ग विद्यापीठातून चालतं, त्यांच्या फाइलच्या साच्यात एकाच ठिकाणाची अनेक नावं, प्रत्येक नावाचा काळ, प्रत्येक जागेची खात्री हे सगळं भरता येतं. चीनच्या गावांचा आणि जिल्ह्यांचा इतिहास कालानुसार मांडणारा प्रकल्प हार्वर्ड आणि फुदान विद्यापीठांनी मिळून २००१ मध्ये सुरू केला, म्हणजे कोणतं गाव कोणत्या साली कोणत्या नावानं कोणाच्या ताब्यात हे विचारता येतं. रकाने तयार आहेत. भरायला माणूस बसवायचा नाही, हा आपला प्रॉब्लेम.

कारण ते भरणं कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. आपल्याकडे काय होतं, तीन दिवसांचं वर्कशॉप होतं, समोसा-चहा, सर्टिफिकेट, शेवटच्या दिवशी प्रत्येकाचा रंगीत नकाशा प्रोजेक्टरवर. पोरं बटणं शिकतात, पटापट शिकतात, माझ्यापेक्षा लवकर शिकतात. पण नागपूरकर भोसल्यांचे कागद मोडीत आहेत आणि वर्गात मोडी वाचणारा एक नाही. मग नकाशावर टाकणार काय? गॅझेटिअरमधली इंग्रजी नावं, रिचर्ड जेन्किन्सचा १८२७ चा रिपोर्ट, रसेलचं १९०८ चं गॅझेटिअर, ज्यात साहेबाला जे ऐकू आलं ते. मला विचाराल तर मोडी वाचता येणारा म्हातारा माणूस हे नागपुरातलं सगळ्यात महागडं मॅपिंग टूल आहे आणि ते अपडेट होऊन नाही राहिलं.

आता माझी स्वतःची फजिती. तिची मला अजून लाज वाटते.

शहराचा एक जुना नकाशा मला मिळाला, म्हणजे झेरॉक्सचा झेरॉक्स, चार घड्या पडलेला, मधल्या घडीत अख्खी गल्ली गायब. तो बसवायचा तर जुन्या नकाशावरची एक खूण आणि आजची तीच खूण अशा जोड्या जुळवाव्या लागतात. मी सीताबर्डी किल्ल्याचा कोपरा घेतला, रेल्वेचा पूल घेतला, महालातलं एक देऊळ घेतलं, आणि दक्षिणेकडे काही मिळेना म्हणून जुम्मा तलावाच्या काठाचा एक ठसठशीत कोपरा घेतला. चूक मोठी दाखवत होतं, पन्नास-साठ मीटर. मग मला एक ऑप्शन सापडला, थिन प्लेट स्प्लाइन, तो लावला आणि चूक एकदम शून्य! मी खूश. चार जणांना दाखवला. महिनाभरानं लक्षात आलं की ह्या पद्धतीत चूक शून्यच दिसते, कारण ती नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक खूण खिळ्याला अडकवते, खूण चुकीची असली तरी. आणि माझी तलावाची खूण चुकीचीच होती. जुना काठ आणि आजचा काठ एक नाहीत, मधल्या काळात भराव पडला, भिंत बांधली, रस्ता आला. म्हणजे जे बदललंय का ते बघायला मी नकाशा लावत होतो, तेच बदललेलं नाही असं धरून मी नकाशा लावला. आणि मशीन म्हणतंय, चूक शून्य.

तलावाचं निघालंच आहे तर नावाचं पण बघा. जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव, गांधीसागर, पाणी तेच. जुम्मा दरवाजा आणि गांधी गेट तेच. चांदा आणि चंद्रपूर तेच. ज्याला हे माहीत नाही त्याच्या डेटामध्ये एका तलावाचे तीन तलाव होतात आणि मग कोणीतरी पेपरात देतो की शहरातले इतके तलाव गायब. उलटंही होतं, खरंच आक्रसलेला लेंडी तलाव यादीत नीट धडधाकट उभा असतो कारण नाव आहे ना. शहराच्या नावांची एक धड यादी, नुसती यादी, कोणतं नाव कोणत्या सालच्या कोणत्या कागदात आहे एवढी, ही एका डॅशबोर्डच्या पैशात तीनदा होईल. पण यादीचं उद्घाटन कसं करणार, फीत कुठं बांधणार.

आणि यादी करायची तर कागद बघायला मिळाले पाहिजेत. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीत १९५० च्या दशकात छापायला सुरुवात झालेले भारताचे अडीच लाखाच्या मापाचे (म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर) नकाशे घरबसल्या फुकट उतरवता येतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं तर जुना नकाशा डावीकडे आणि आजचं चित्र उजवीकडे अशी सोय करून ठेवलीय, पोरंसोरं त्यावर आपल्या आज्याचं गाव शोधतात. आपल्याकडेही काही हललं नाही असं नाही, सर्व्हे ऑफ इंडियानं २०१७ मध्ये आजचे नकाशे ऑनलाइन फुकट द्यायला सुरुवात केली, २०२१ मध्ये केंद्रानं नकाशांचे नियम बरेच सैल केले. पण मला हवाय तो जुना गावनकाशा, बंदोबस्ताची मिसल म्हणजे जमीन-मोजणीच्या जुन्या नोंदींचं बाड, निस्तार पत्रक, आणि ते जिथं आहे तिथला अनुभव वेगळा. एका कार्यालयात मला गठ्ठा दाखवला, लाल फडक्यात बांधलेला, मी फोटो काढू का विचारलं तर बाबू म्हणाला, "फोटोचा नियम नाही." काढू नये असा नियम आहे का? "तो पण नाही." मग चहा प्यायला गेला. मी हातानं उतरवून घेतलं, आणि हातानं उतरवताना दोन सर्व्हे नंबर चुकले.

निस्तार पत्रक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विदर्भात, म्हणजे जुन्या मध्य प्रांतात, गावातल्या सगळ्यांच्या वापराची जमीन कोणती, गुरं कुठं चरणार, पाणी कोणत्या तलावाचं, मसण कुठं, हे त्यात लिहिलेलं असतं. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडचे मामा तलाव, मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारला भरणारा जमीनदार, १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यातला कोणता कुठपर्यंत पसरलेला होता, त्याचा पाट कोणाच्या शेतातून जायचा, ह्याच्यावर आज भांडणं आहेत, धानाचं पीक त्याच्यावर आहे. तिथं भूतकाळाचा नकाशा ही हौस नाही. आणि म्हणूनच तिथं कोणी अर्धवट नकाशा घेऊन उभा राहिला की मला भीती वाटते.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरोखर वजनदार आहे. एका पर्यावरणवाल्या बाईंनी मला तोंडावर सुनावलं होतं, "सर, तुम्ही 'असावं असावं' करत बसा, तिकडे बिल्डरचा वकील कोर्टात म्हणेल की बघा हे स्वतःच म्हणतात नक्की नाही, आणि तलाव बुजवून मोकळा." बरोबर आहे त्यांचं. शंकेचा फायदा पैसेवाला घेतो. पण मी त्यांना उलट विचारलं, नक्की आहे म्हणून रेघ नेली आणि समोरच्यानं एकच प्रश्न विचारला, ही पृथ्वी कोणती घेतली, तर? एका प्रश्नात अख्खा नकाशा बाद, त्यातला खरा भागही बाद. त्यापेक्षा म्हणा ना, की ह्या कागदावरून काठ तीस मीटर इकडे-तिकडे होऊ शकतो, पण तुमचा भराव काठापासून दोनशे मीटर आत आहे, कसंही धरलं तरी पाण्यात आहे. मोजून सांगितलेली शंका वकिलाला हलवायला जास्त जड जाते. 'नक्की माहीत नाही' आणि 'तीस मीटरपर्यंत माहीत नाही' ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीचा फायदा बिल्डर घेतो, दुसरीचा घेता येत नाही. बाई पूर्ण पटल्या असं म्हणणार नाही, पण चहा पाजला त्यांनी.

आपण नागपूरकर तसे पक्क्या ठिपक्याचे शौकीन. झिरो माइल बघा. लहानपणापासून ऐकलं, भारताचा मध्यबिंदू, पाहुणे आले की दाखवायला नेतो, ते चार घोडे, तो खांब. १९०७ ची ती मोजणीची खूण आहे, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेची, म्हणजे इंग्रजांनी त्रिकोण मांडून केलेल्या भारताच्या मोजणीची, उंची मोजताना आधार धरायला. मध्यबिंदू म्हणाल तर मध्य प्रदेशातलं कटनी जिल्ह्यातलं करोंदी गावही तोच मान सांगतं. मला खांबाबद्दल प्रेम आहे, पण मध्यबिंदूची पाटी लावली की त्याची खरी गोष्ट, जी जास्त भारी आहे, ती कोणी विचारत नाही. ही मोजणी १८०२ मध्ये मद्रासहून विल्यम लॅम्बटननं सुरू केली, साखळ्या आणि कोन मोजायचं अजस्र यंत्र, थिओडोलाइट, घेऊन इंच-इंच मोजत वर वर येत राहिला, आणि हैदराबादहून नागपूरला येता येता २० जानेवारी १८२३ ला वाटेत वारला. कुठं? हिंगणघाटला. राणीनं दान दिलेलं दंगुण जिथं असावं तिथंच. आणि ज्यानं देशाची मोजणी अशी काट्यावर आणली त्या माणसाच्या जन्मसालाबद्दल मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. त्याच्या ठिपक्याशेजारीसुद्धा 'असावं' लिहावं लागतं.

आता मी वर्गात एक्सेलची साधी शीट देतो, क्यूजीआयएस नंतर. रकाने आठ, शेवटचा 'शंका'. पहिल्या वर्षी सगळ्यांनी तो रिकामा ठेवला, एकानं तर डिलीटच केला, म्हणाला सर उगाच जागा खात होता. ह्या वर्षी महालातल्या एका मुलीनं तिच्या गल्लीतल्या सहा विहिरींची शीट दिली. पाच ओळी नीट. सहाव्या ओळीत शंकेच्या रकान्यात लिहिलंय, "आजी म्हणते दोन घरं अलीकडे होती, शेजारचे काका म्हणतात पिंपळाच्या पलीकडे. पिंपळ पडला. दोन्ही ठिकाणं टाकली आहेत."